डाव्या चाकाचा आवाज

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येऊ लागला तेव्हा माझी पत्नी हयात होती. चाक खड्ड्यातून गेलं की खालून कुणीतरी बोटाच्या पेरानं दार ठोकावं तसं दोनदा वाजायचं. ती म्हणाली होती, "सवडीनं बघू." गाडी तीच चालवायची. तिचे वडील तळेघर ते मंचर जीप चालवत, त्यामुळे तिला गाडीचं भय नव्हतं. मी शेजारी बसून वाचायचो. मग तिचं आजारपण आलं आणि आवाज तसाच राहिला.

ती गेल्यावर मी गाडी हाती घेतली ती सासूबाईंसाठी. त्या तळेघरजवळच्या वाडीत एकट्या राहतात. त्यांच्या एका डोळ्याच्या पडद्याला सूज येते. महिन्यातून एकदा मंचरला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. पत्नी त्यांना न्यायची, तो क्रम मी मोडला नाही. जुन्नरहून सकाळी निघायचं, त्यांना घ्यायचं, मंचर करून परत वाडीत सोडायचं आणि अंधार पडायच्या आत एकट्यानं घरी यायचं. महिन्यातला तेवढा एकच दिवस असा होता की कुणीतरी माझी वाट बघत असे.

त्यांच्या पिढीत सासू जावयाशी थेट बोलत नाही. वीस वर्षं आमचं सगळं बोलणं पत्नीमार्फत झालं. मी समोर बसलेला असताना सासूबाई तिला म्हणायच्या, "त्यांना इचार, च्या घेत्यात का?" मीही तिलाच सांगायचो, "घेतो म्हण." ती कपाळावर हात मारून म्हणायची, "मी काय पोस्टमन हाय का राव तुमचा?" आणि तरीही निरोप इकडचा तिकडे करायची.

आता गाडीत पुढे मी आणि मागे त्या. दवाखान्याचा कागद त्या सीटवरून पुढे सरकवत, मी मान हलवून घेई. परतताना घोडेगावपर्यंत कधीकधी एकही शब्द होत नसे. तो आवाज तेवढा व्हायचा.

माघातल्या खेपेला दारात उतरल्यावर त्या माझ्याकडे न बघता ओट्याकडे बघत म्हणाल्या, "पुढल्या टायमाला म्या एसटीनं जाईन. गाडी लई वाजती."

त्या वाडीतून एसटी धरायची तर बरंच चालावं लागतं, आणि गाड्याही मोजक्याच. एक डोळा बांधलेल्या बाईनं तसं परत यायचं हे मला पटेना. पण त्याहून दुसरंच मनात आलं. आवाजाचं निमित्त असावं. मुलगी गेली, आम्हाला मूलबाळ नाही. हा माणूस आता कोणत्या नात्यानं दारात यायचा, असं त्यांना वाटत असेल तर त्यात त्यांचं काय चुकलं? विचारावं तर कसं, तेही कळत नव्हतं. मी ठरवलं, आधी आवाज घालवायचा. मग निमित्त उरणार नाही. तरीही त्या गाडीत बसल्या नाहीत, तर मला काय ते समजेल. हातात चार आठवडे होते.

जुन्नरच्या गॅरेजवाल्यानं चाक उचलून हलवून दाखवलं. चाकाला गाडीच्या तोल सांभाळणाऱ्या आडव्या दांड्याशी जोडणारी सळी, म्हणजे लिंक रॉड, तिचे सांधे खिळखिळे झाले होते आणि लोअर आर्मचे बुश फाटले होते. लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरणारा लोखंडी हात. तो सांगाड्याला जिथं जोडलेला असतो तिथं धक्का सोसायला रबर असतं, त्याला बुश म्हणतात. "ताई असत्या तर एवढं वाढू दिलं नसतं," तो म्हणाला. चांगल्या मनानंच म्हणाला. पण गाडी त्याच्याकडे ठेवून मला तिथं थांबवेना. मी म्हटलं, नंतर येतो. दुसऱ्या दिवशी नारायणगावातून नवा लिंक रॉड आणि बुश बसवलेला अख्खा आर्म घेऊन आलो.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. उभ्या आयुष्यात पाना धरला नव्हता. पत्नीची हत्यारं मात्र जागच्या जागी होती, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. रविवारी अंगणात मी गाडीचं माहितीपुस्तक उघडून स्टुलावर ठेवलं, पान उडू नये म्हणून वर दगड ठेवला. चाकाचे नट सैल केले, जॅक लावला, खाली स्टँड दिले, चाक काढलं. लिंक रॉडचा नट गंजला होता. पाना फिरवला की नटाबरोबर आतला सांधाही फिरायचा. एका हातानं आतून धरायचं आणि दुसऱ्यानं नट सोडवायचा. चिखल डोळ्यात पडत होता. तीनदा हात निसटून बोटं सोलली. हे काम दोघांचं आहे हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

भिंतीपलीकडे निवृत्त एसटी ड्रायव्हर राहतात. ते बराच वेळ बघत होते.

"सर, पुस्तक वाचून गाडी खोलताय व्हय?"

"हो."

"मग शेवटचं पान आदी वाचा. गाडी परत जोडायची कशी ते."

मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं, म्हणून ते ध्यानात राहिलं. पण मदत नको म्हणालो.

संध्याकाळपर्यंत जुना आर्म निघाला, नवा बसला. सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले. गाडी खाली घेतली तर ती डावीकडून बोटभर उंच राहिली. गल्लीत एक फेरी मारली. ठोकण्याचा आवाज गेला होता, पण दर उंचवट्यावर रबर कुरकुरत होतं. मी गाडी लावली आणि तसाच आत बसून राहिलो.

शेजारी फाटकाशी आले, वाकून चाकाकडे बघितलं. "चाक लोंबत असतानाच आवळलं ना सगळं? रबर पिळलं गेलं त्ये. गाडीचं वजन चाकावर येऊ द्यायचं, मग आवळायचं. पुस्तकात न्हाई का?"

होतं. त्या ओळीखाली मीच आदल्या रात्री पेन्सिलनं रेघ मारली होती.

पुढच्या रविवारी मीच त्यांना हाक मारली. पुढच्या दोन्ही चाकांखाली फळ्या घातल्या, गाडी तिच्या वजनावर उभी केली, आर्मचे बोल्ट सैल केले. गाडी हलू नये म्हणून ते आत ब्रेक दाबून बसले. मी खाली आडवा होऊन बोल्ट पुन्हा आवळत होतो आणि वरून त्यांचा आवाज येत होता, "तीस वरसं एसटी चालवली सर, पण अशी हळू गाडी पयल्यांदाच बघतोय. सकाळपास्नं एक थांबा न्हाई आला." या वेळी गाडी सरळ उभी राहिली. फेरी मारून आलो, काही वाजलं नाही, कुरकुरलंही नाही.

ठरलेल्या दिवशी न कळवता निघालो. कळवलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं. वाडीत पोचलो तेव्हा त्या पिशवी घेऊन एसटीसाठी निघालेल्याच होत्या. मला बघून पदर सावरून उभ्या राहिल्या. मी उतरून मागचं दार उघडलं आणि म्हणालो, "आवाज घालवलाय." एवढंच. वीस वर्षांत मी त्यांना थेट असं काही सांगितलं नव्हतं.

त्या थोडा वेळ चाकाकडे बघत राहिल्या. मग बसल्या.

डिंभ्यापर्यंत उतार, वळणं आणि खड्डे आहेत. प्रत्येक खड्ड्याला मी कान देत होतो. मागे त्याही देत असाव्यात, कारण धरणाचं पाणी दिसू लागल्यावर त्या म्हणाल्या, "गेला."

"हो."

"तुमच्या सासऱ्यांची जीप बी अशीच वाजायची. ह्याच वळणावर चाक आडवं झालं व्हतं तिचं. गाडीत पाशिंजर नव्हतं म्हनून निभावलं." मग म्हणाल्या, "मला सोडून तुमी माघारी एकलंच जाता. तसल्या आवाजासंगट. मला रातभर झोप न्हाई यायची. म्हनलं, म्या एसटीनं गेले तर तुमाला यायाचं कारन न्हाई ऱ्हायचं."

"सांगायचं होतं," मी म्हणालो.

"कुनाला सांगनार? ती असती तर तिला म्हनले असते, त्यांना म्हन गाडी दाखवा. जावयाला असं तोंडावर कसं म्हनायचं?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो. आरशात त्या डोळ्याला पदर लावून खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यांना परत सोडून निघालो तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "पोचल्याव फोन करा." एकट्यानं उतरताना गाडी अगदी गप्प होती. इतकी की मी काच खाली केली.

दिवेलागणीला घरी पोचलो. कुलूप काढण्याआधी अंगणातूनच फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचलो."

"बरं."

त्यांच्याकडे कुठेतरी गुरं हंबरत होती. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.