विहिरीवरचे कमिशन

सुभेदार आप्पा दर रविवारी आपल्या सायकलला चुना लावत. भिंतीला लावतात तोच चुना, डब्यात कालवून, कुंच्याने. दांडी, मडगार्ड, हँडल, सगळे पांढरे. तो चुना सायकलवर फारसा टिकत नसे. आप्पांच्या धोतरावर आणि मागे कॅरिअरवर बसणाऱ्याच्या विजारीवर मात्र पक्का बसे. कोणी विचारलेच तर आप्पा म्हणत, "पांढऱ्या गाडीवर कुणी गोळी घालत न्हाई. कमिशनचा नेम हाय."

"पण आप्पा, इस्लामपूरच्या रस्त्यावर तुमच्यावर गोळी कोण घालणार?"

"घातली का आजवर कुणी?"

"नाही."

"मग?"



आमच्या गावात घरटी एखादा माणूस पलटणीत असे. त्यामुळे कट्ट्यावर ब्रह्मदेशाच्या जंगलापासून इटलीच्या थंडीपर्यंत सगळ्या गोष्टी ऐकायला मिळत. त्या गोष्टींत सांगणारा गोळी झाडे. आप्पांच्या गोष्टीत गोळी दुसराच कोणी झाडे आणि आप्पा ती कोणत्या दिशेने आली ते लिहून घेत. फ्रेंच लोक आपले राज्य आटोपून गेल्यावर व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस या शेजारच्या तीन देशांत तह पाळला जातो की नाही हे पाहायला तीन परक्या देशांची माणसे नेमली होती. हिंदुस्थान अध्यक्ष, एका बाजूला पोलंड, दुसऱ्या बाजूला कॅनडा. आप्पा त्या कमिशनवर आधी कंबोडियात आणि मग लाओसमध्ये राहून आले होते.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून. आप्पांचे घर आमच्या घराला लागून. मला मोजमापाची सवय असल्यामुळे ते मला हे देश जमिनीवर काठीने काढून दाखवत. "ही व्हिएतनाम. म्हंजे आपली सांगली. शिकलेली मानसं, चलाख, हिशेबाला पक्की. ही कंबोडिया म्हंजे वाई. जिकडं बघंल तिकडं देवळं. तिथल्या एका देवळात आपलं समुद्रमंथन कोरलंय गड्या, देव अन् राक्षस रांगंनं वढत्यात, भिंत संपंस्तवर. अन् हा लावोस."

"हे काय?"

"आटपाडी. पाऊस लय पडतो, पर इचारतंय कोन?"

लाओसवर त्यांचा विशेष जीव. तिथली माणसे खांबांवर घरे बांधतात, खाली माग आणि डुकरे, वर माणसे. नदीकाठी एक लोक, मधल्या उतारावर दुसरे, डोंगरमाथ्यावर तिसरे. तिघांची बोली वेगळी, देव वेगळे, पण मीठ-तांदळाची देवघेव चालूच. भात इतका चिकट, की गोळा करून हातात धरावा. आप्पांच्या पत्नी तानुबाई यांचा भात कधी गिचका झाला, की आप्पा ताट कपाळाला लावून म्हणत, "अगदी लावोस!" तानुबाईंना हे कौतुक आहे की टोमणा, हे शेवटपर्यंत कळले नाही. काही बिघडले, सांडले, चुकले, तर तिथली माणसे म्हणतात 'बो पेन न्यांग', म्हणजे चालायचंच. आप्पाही म्हणत. आमच्या आळीतल्या बायका बराच काळ तो विंचवाचा मंत्र समजत होत्या.

फ्रेंचांविषयी त्यांचे एकच म्हणणे होते. "साहेबानं तिघांना एका दावणीला बांधलं. अन् कारभाराला व्हिएतनामचे कारकून नेऊन कंबोडियात अन् लावोसात बसवले. राज्य साहेबाचं, पर दारावर थाप मारनारा हात कारकुनाचा. मग लोकांचा राग कुनावर?" एवढे बोलून ते माझ्याकडे बघत. दुसरी गोष्ट रेघेची. दोन प्रांतांमधल्या समुद्रात साहेबाने नकाशावर एक रेघ मारली होती, कोणत्या बेटावर कोणाचा पोलीस जाणार एवढे ठरवायला. साहेब गेला आणि दोन्हीकडचे म्हणू लागले, हीच हद्द, नाही ही हद्दच नव्हे. "रेघ मारनारा निघून जातो," आप्पा म्हणत, "अन् मागं ऱ्हानारे तिच्यावर डोकी फोडत्यात."

हे सगळे ऐकायला बरे होते. बाहत्तरच्या दुष्काळात ते त्यांच्याच शेतावर आले.

आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ नामदेव यांच्या रानांच्या मध्ये घायपाताची एक ओळ होती. ती त्यांच्या वडिलांनी, आबांनी लावलेली. अलीकडे थोरल्याने खुरपायचे, पलीकडे धाकट्याने, एवढ्याचसाठी. वडील गेले, वाटणी झाली, ओळ राहिली. तिच्या पलीकडे, नामदेवच्या अंगाला, दोघांची विहीर. आप्पांच्या पगारातून खोदलेली, नामदेवच्या हाताने खोदलेली. पाऊस होता तोवर कोणी काही बोलले नाही. त्या वर्षी मी दोर सोडून पाणी मोजले आणि दोघांना सांगितले, की हे एकाच्या उसाला पुरेल, दोघांच्या नाही. नामदेवला त्या उसाशिवाय दुसरे काही नव्हते. आप्पांना पेन्शन होती, पण ती विहीर म्हणजे त्यांचे परदेशातले सगळे आयुष्य होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ विहिरीवरच्या पाणी उपसायच्या इंजिनाचे हँडल दोन्ही बाजूंनी धरून उभे होते आणि नामदेवने दुसऱ्या हातात खुरपे घेतले होते.

"सोड, दादा. रेघंच्या हिकडं हाय, माझी हाय."

"रेघ आबांनी खुरपाया मारली व्हती, नाम्या!"

मग आप्पांनी खुरप्याकडे पाहिले, हँडल एकदम सोडले, नामदेव मागच्या मागे बसला, आणि आप्पा म्हणाले, "थांब. कमिशन."

कमिशन त्याच दुपारी नेमले गेले. कॅनडा म्हणून भूपाल अण्णा. हे आमच्या गावातले जैन दुकानदार, सगळ्यांशी सारखेच गोड बोलणारे. पोलंड म्हणून मी. कॅनडाने नेहमी आप्पांची बाजू घ्यायची आणि पोलंडने नामदेवची, हे आप्पांनी पहिल्यांदाच सांगून टाकले.

"पण आप्पा, मला तुमचं म्हणणं पटतंय," मी म्हणालो.

"पटू दे की. पोलंडनं पोलंडावानी बोलायचं."

"आणि मला नामदेवचं पटतंय," अण्णा म्हणाले.

"लय चांगलं. तुमी कॅनडा."

"आणि अध्यक्ष?"

"मी."

"आवं आप्पा," अण्णा म्हणाले, "तुम्हीच पक्षकार, तुम्हीच अध्यक्ष?"

"दुसरा कुनाला नेमू? नेम कुनाला ठावं हाईत?"  खरे सांगायचे तर आप्पा अन्याय करतील असे नामदेवला त्या रागातही वाटत नव्हते.

युद्धबंदी झाली. हँडल अण्णांच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागे ठेवले. निकाल लागेपर्यंत कोणीही इंजिन सुरू करायचे नाही. विहिरीजवळच्या बाभळीखाली एक खाट टाकली, ती कमिशनच्या भाषेत कायमची तुकडी. पांढरी सायकल ही फिरती तुकडी. बैठकीत आप्पा अध्यक्ष म्हणून खाटेवर बसत, आणि पक्षकार म्हणून बोलायची वेळ आली, की टोपी काढून खाली मातीत बसत आणि मोकळ्या खाटेला उद्देशून बोलत. एकदा त्यांनी पक्षकार म्हणून फार आवाज चढवला. मग उठले, टोपी घातली, खाटेवर बसले आणि स्वतःला ताकीद दिली.

मत घेतले गेले. मी नामदेवच्या बाजूने, अण्णा आप्पांच्या. अध्यक्षांनी बराच विचार केला आणि मत नामदेवला दिले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो आहोत तोच अध्यक्ष मातीत उतरले. "हा निकाल मला मान्य न्हाई. फेर इचार पायजे."

"तुम्हीच दिलात की!"

"अध्यक्षानं दिला. माझं काय इचारलं का त्यानं?"

तोवर नामदेव उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मलाबी मान्य न्हाई. दादानं मत दिलं म्हनून मी जिकलो व्हय? भीक नगं मला. पुन्हा बैठक घ्या अन् न्याय करा."

अशा बैठका होत राहिल्या. दोघेही जिंकायला तयार नव्हते आणि हरायलाही. दोन्हीकडचा ऊस पिवळा पडला, मग वाळला, मग जनावरांना गेला. मी कारखान्यावरून येताना रोज विहिरीत डोकावत असे. पाणी जसेच्या तसे. साऱ्या शिवारातल्या विहिरींचे तळ उघडे पडले होते, कारण प्रत्येकाने आपला ऊस वाचवायला इंजिने चालवली होती. आमच्या वस्तीत हातपाय बांधून ठेवलेले पाणी तेवढे उरले.

एका सकाळी तानुबाई आणि नामदेवची हौसाबाई, दोघी जावा, डोक्यावर घागरी घेऊन विहिरीत उतरल्या. त्यांच्या मागे आळीतल्या सगळ्या बायका. माझी बायकोही. अण्णा खाटेवरून उठले. "अहो, युद्धबंदी आहे!"

हौसाबाई म्हणाली, "इंजिनाची हाय. घागरीची न्हाई. सरका."

नामदेव घायपातापाशी उभा राहून सगळे पाहत होता. त्याने तोंड फिरवले आणि दुसरीकडचे काही काम आठवल्यासारखा निघून गेला. आम्ही अध्यक्षांकडे बघितले. अध्यक्ष खाटेवरून म्हणाले, "बघा. लिवून घ्या. मधी पडू नगा."

त्या पाण्यावर आमची वस्ती पुढचा पाऊस येईपर्यंत जगली. माझी बायको मला हाका मारी ती "पोलंड, हंडा धरा" अशी. आप्पांनी हे सगळे आधीच ओळखून केले होते का, असे मी त्यांना नंतर विचारले. ते चिडले. "खुळा का काय? माझा ऊस गेला, नाम्याचा गेला. असं कोन ठरवून करतंय?" मग म्हणाले, "लावोसातबी आमाला काय जमलं न्हाई. पर आमी व्हतो."

पाऊस आला, पाणी आले, आणि दोघे भाऊ आळीपाळीने इंजिन चालवू लागले. पण विहीर कोणाची हे ठरले नव्हते, म्हणून कमिशनही उठले नाही. पाळी संपली, की हँडल परत दुकानात. दर उन्हाळ्यात पाणी कमी झाले, की पहिली पाळी कोणाची यावर बैठक. भाऊ एकमेकांशी बोलत ते बैठकीतच. बोलत मात्र भरपूर. पुढे भूपाल अण्णा मुलाच्या दुकानावर सांगलीला राहायला गेले आणि हँडल माझ्या घरी आले.

एकोणऐंशी साल उजाडले तेव्हा व्हिएतनामचे सैन्य कंबोडियात शिरल्याची बातमी आली. आप्पांनी ती ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ऐकली. त्याआधी कंबोडियातल्या राज्यकर्त्यांनी आपलीच माणसे किती मारली हेही हळूहळू बाहेर येत होते. आप्पा बोडक्या डोक्याने घरी आले आणि ओसरीवर बसले. लोकांना वाटले, नात्यातले कोणी गेले. नामदेवही धावत आला, बैठक नसताना. "दादा, काय झालं?"

"एवढी मानसं मारली, नाम्या. अन् बघाया कुनी नव्हतं."

"कमिशन असतं तर थांबवलं असतं का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "पर कुनी बघतंय म्हनल्यावर मानूस हात उचलताना जरा दम खातो. तेवढ्यात एखादा जातो की पळून."

नामदेव बराच वेळ त्यांच्याजवळ बसला. 

त्या उन्हाळ्यात आप्पा अंथरुणाला खिळले. पहिल्या पाळीची बैठक त्यांच्या आजारामुळे लांबत गेली आणि ती न होताच ते गेले. नामदेवने सगळे केले, मुलासारखे. तेरावा उरकल्यावर तो माझ्या ओसरीवर आला.

"बैठक ऱ्हायलीया," तो म्हणाला.

"नामदेव, अध्यक्षच नाहीत. बैठक कसली?"

"पाणी खाली चाललंय. पाळी कुनाची ते सांगा."

"तुझी," मी म्हणालो. पोलंडला दुसरे काही म्हणता येत नव्हते. शिवाय आता अडवणारे कोणी नव्हते.

"तुमी माझंच वढनार. दादाकडनं कोन बोलनार?"

"अण्णा सांगलीला आहेत."

 नामदेव घसा साफ करून म्हणाला, "तर मलाच बोलाया पायजे." आणि तो बोलू लागला. आबांनी घायपात फक्त खुरपायला लावले होते, हे त्याने स्वतः पाहिले होते. विहिरीला पहिला सुरुंग लागला तेव्हा दादा परमुलखात होता, सणाला घरी न येता पैसे धाडत होता. आता वैनीच्या रानात उसाची कोवळी, नवी लागण आहे. नामदेवचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचा फुटवा, चार दिवस कळ काढील. अण्णांनी इतक्या वर्षांत आप्पांची बाजू कधी इतकी चांगली मांडली नव्हती.  "पटलं मला," तो शेवटी म्हणाला. "द्या हँडल."

मी त्याच्या मागोमाग विहिरीवर गेलो. त्याने इंजिन सुरू केले, पाट फोडला आणि पाणी घायपाताच्या पलीकडे थोरल्याच्या रानात सोडले. तानुबाई घरातून ओरडत आल्या, "आवं भावजी, तुमचा खोडवा वाळंल की!" हौसाबाईने त्यांना बाजूला सारले आणि सरीत उभी राहून दारे धरली.

मी पोलंड. माझ्या पक्षकाराचे पाणी माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या रानात चालले होते. मी घायपातापाशी उभा राहून मोठ्याने हरकत घेतली.

इंजिनाच्या आवाजात नामदेवला ऐकू गेले नाही. त्याने कानामागे हात धरला. "काय?"

"हरकत आहे!"

"लिवून घ्या!" तो ओरडला, आणि फावडे उचलून पुढची सरी फोडायला गेला.