पंखावरची ठिगळं

आमच्या चौकातल्या चौथऱ्यावर एक जुनं लढाऊ विमान उभं केलंय. खालच्या पाटीवर त्याची अख्खी कारकीर्द दोन ओळींत उरकली आहे: युद्धात लढलं, मग निवृत्त झालं. आज संध्याकाळी उन्हं तिरपी पडली होती, म्हणून पंखावरची ठिगळं मला पहिल्यांदाच दिसली. रंगाखाली पत्र्याचे चौकोन आणि त्यांच्या कडेने रिवेटांची ओळ.

शेजारचे दिनूकाका हवाई दलात विमानं दुरुस्त करायचे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तेच मला ओढून फिरायला नेतात. मी विचारलं, "काका, एवढ्या गोळ्या लागलेल्या विमानात पुन्हा बसायला कोण धजायचं?"

"जो ते परत घेऊन आला, तोच," काका म्हणाले. "आधी ठिगळावरून हात फिरवायचा, मग शिडी चढायचा."

पाटीवर हे नाही. माणसानं निभावलेलं बरंचसं असंच कुठे लिहिलं जात नाही. ते अंगावर राहतं आणि कधीतरी तिरप्या उन्हात दिसतं.

घरी आलो तेव्हा लिफ्ट खालीच उभी होती. मी गुडघ्यावरच्या व्रणावरून हात फिरवला, कठडा धरला आणि जिना चढायला लागलो.