सुंदराकाकूच्या चुलीतला विस्तव

उन्हाळ्यात शेजारच्या शेताचे बांध पेटवले की जळक्या गवताचा वास घरात शिरतो आणि मी खिडक्या लावून घेते.

निजामाच्या काळात, मी लहान असताना, पालमकडच्या आमच्या गावावर गायरानातली आग वाऱ्याबरोबर चालून आली. सगळी छपरं जळाली. शेजारची एकटी राहणारी सुंदराकाकू घरातच जळून गेली.

पंधरवड्यात तुराट्यांच्या कुडाची नवी घरं उभी राहिली. पण नव्या घरची चूल काडेपेटीनं पेटवायची नाही, गावातल्याच चुलीतला विस्तव आणायचा, अशी रीत. आणि गावात पेटती चूलच उरली नव्हती. मग एका सकाळी काकूच्या ओसाड घरातून बारीक धूर दिसला.

आई खापर घेऊन निघाली, मी तिचा पदर धरून. छप्पर नसलेल्या त्या घराच्या उंबऱ्याशी ती थांबली.

"सुंदराबाई, इस्तू द्या वं," आईनं नेहमीसारखी हाक दिली आणि उत्तर यावं तशी उभी राहिली.

चुलीत राख नीट थापलेली होती. राखेवर हाताचा ताजा ठसा, आणि खाली लालभडक निखारा. आईनं तो उचलला, बदल्यात एक गोवरी ठेवली. त्याच विस्तवावर साऱ्या गावाच्या चुली पेटल्या. तरी काकूच्या चुलीतली राख रोज नव्यानं थापलेली दिसायची.

मोठी झाल्यावर मला खात्री वाटू लागली, गावाला धीर यावा म्हणून हे आईच करत असणार. तिच्या म्हातारपणी एकदा विचारलंच, "ती राख तूच थापायचीस ना?"



"म्या? मला तर वाटायचं, तूच जायलीस."