पाणी दाखवा, साहेब

भाईंदरच्या केबिन रोडवर मेथीची जुडी हातात घेऊन मी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होते, तेव्हा ताईचा फोन आला. "तू ये," एवढंच ती म्हणाली. मागून बायकांचे आवाज येत होते. मी विचारलं, "भावोजींना पुन्हा अ‍ॅडमिट केलं का गं?" ती म्हणाली, "न्हाय गं... आता कशाला अ‍ॅडमिट करायचं." भाजीवाला "दीदी, लेना है क्या?" असं विचारत राहिला. मी जुडी परत त्याच्या टोपलीत ठेवली आणि रिक्षा शोधायला लागले. राईला, ताईच्या गावी, पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. गल्लीच्या तोंडावरूनच भावोजींची पांढरीशुभ्र चप्पल दारात सरळ मांडलेली दिसली, तेव्हा मात्र राहवलं नाही. माणूस गेल्याला आता महिना उलटलाय. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर रडून चालणार नाही, त्यांना ते मुळीच आवडलं नसतं. त्यांना कौतुक आवडायचं, तेही चारचौघांत, मोठ्या आवाजात केलेलं.

काशिनाथभावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. राईतल्या जुन्या घरातले. वडिलांची थोडी भातशेती, थोडी खाडीतली मासेमारी, आणि हे एकटे शिकून टेलिफोन खात्यात लागलेले. तिथेच ताई भेटली. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडात ते मुलगी मागायला आले तेव्हा अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला भलामोठा जिताडा. आमचं घर तर कांदालसूणसुद्धा जपून खाणारं! पहिल्यांदा सोयरिकीला जाताना खाडीतला सगळ्यांत उमदा मासा न्यायचा, यापेक्षा मोठा मान त्यांना ठाऊक नव्हता. आईने एकदा माशाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि "बसा" म्हणाली. मासा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी खाल्ला, जावई आमच्या वाट्याला आला. ताई राईत रुळली ती इतकी, की वर्षभरात "हाय-न्हाय" बोलायला लागली. पुढे मुंबईतली जागा अपुरी पडली म्हणून आम्हीही तिच्यामागोमाग भाईंदरला आलो, तेव्हा भावोजी मला म्हणाले होते, "या मेव्हणीबाई, खाडीवर या. आता कुठं माणसात आलात."

माणूस हौशी होता, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणायची. खिशात कंगवा, मनगटावर अत्तर, आणि कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेची खुर्ची. शाल-श्रीफळ मिळालं की शाल अंगावर घेऊनच घरी यायचे, भर उन्हात. निवृत्तीनंतर पाणथळ जागांवर देखरेख करणाऱ्या स्थानिक समितीत गावातर्फे त्यांची नेमणूक झाली, तर आठवड्याच्या आत दारावर पाटी लागली. त्यात त्यांच्या नावापेक्षा 'सदस्य' हा शब्द मोठा होता. मी हसले तर म्हणाले, "हसा, हसा. खाडी सांभाळणारा मानूस गावात एकच हाय." मला वाटलं, चला, बैठकांना चहा-बिस्किटं मिळतील, फोटो छापून येतील, भावोजी खूश राहतील. पण ते समितीत गेले आणि समितीची झोप उडाली.

राईच्या मागच्या बाजूला खाजण होतं, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर करणारी चिखलाची, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांची सखल जमीन. भावोजींचं अख्खं लहानपण त्या चिखलात गेलेलं. कुणीतरी तिच्या तोंडावर मातीचा बांध घातला, आत डेब्रिजच्या गाड्या ओतल्या. पाणी तुटलं आणि तिवरं उभ्या उभ्या वाळली. तक्रारी झाल्या, सुनावण्या झाल्या, आणि शेवटी वरून आदेश आला की जमीन होती तशी करून द्या. गावात पेढे वाटले गेले. मग ठेकेदार आला. त्याने डेब्रिज थोडं उचललं, उरलेलं सारखं केलं, वर लाल माती पसरली आणि त्यात कडुनिंब, गुलमोहर, बोगनवेल लावली. फिरायला फरशीची पायवाट, बसायला बाकडी. खरं सांगायचं तर मला ती जागा छान वाटली. सकाळी चालायला आणखी काय हवं? काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर समितीच्या सह्या व्हायच्या होत्या, आणि गावाच्या प्रतिनिधीची सही नसेल तर दाखला पुढे सरकणार नव्हता. भावोजींनी सही केली नाही. "झाडं लावून खाजण परत येत न्हाय. बांध फोडा, पानी आत येऊंद्या. तिवरं मागनं आपल्या पायानं येतील, त्यांना आमंत्रण लागत न्हाय."

त्यांचं म्हणणं कुणाला पटेना, त्याला कारण होतं. समितीतली साहेबमंडळी पाहणीला यायची ती कचेरीच्या सोयीने, आणि नेमकी ओहोटीच्या वेळी. ओहोटीला बांधाच्या अलीकडेही पाणी नाही, पलीकडेही नाही. फरक दिसणार कुठून? भावोजी दर वेळी सांगायचे, साहेब, अष्टमीला दुपारी ओहोटी असते, पुनवेला दुपारी भरती असते, पुनवेला या. साहेब मान डोलवायचे आणि पुन्हा आपल्या सोयीच्या दिवशी यायचे. तोवर गावातही कुरबुर सुरू झाली. बांध राहिला तर मागच्या जमिनींना भाव येणार होता, आणि त्यात भावोजींच्या चुलतभावांच्याही जमिनी होत्या. पण गावाला ते पुरते ओळखून होते आणि गावही त्यांना. म्हणून चुलतभाऊ भांडायला आले नाहीत, मानपान घेऊन आले. बागेला भावोजींच्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलं होतं. दारावर संगमरवरी पाटी, आणि फीत भावोजींनी कापायची. मी तेव्हा त्या ओसरीवरच बसले होते. वडिलांवर भावोजींचा फार जीव होता, आणि पाटीचा सोसही काही लपलेला नव्हता. ताई आतून पाणी घेऊन आली, पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली. पेला बाजूला सारून ते म्हणाले, "बापानं त्या पान्यात जाळं टाकलं. त्याच्या नावानं तेच पानी अडवू?... तुमी जा आता."

चुलतभावांनी महिनोन् महिने घरी पाऊल टाकलं नाही. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं नाही. समारंभांतली पहिल्या रांगेची खुर्ची गेली, आणि ते त्यांना किती लागलं हे आम्हाला दिसत होतं. इस्त्रीचे कपडे घालून ते दुपारभर ओसरीवर बसायचे. ताई म्हणायची, "सही करून टाका म्हनते का मी? मग तोंड कशाला पाडताय?" मग ते उठून बांधाकडे फेरी मारून यायचे.

नारळीपौर्णिमा आली. राईत नारळाची मिरवणूक निघते ती उन्हं कलल्यावर. त्या वर्षी भावोजींनी हट्ट धरला, की दुपारी, भर भरतीला निघायचं. जुन्या माणसांनी त्यांची बाजू घेतली, कारण नारळ भरल्या पाण्याला द्यायचा हे कुणाला नाकारता येईना. आणि समितीच्या साहेबांना त्यांनी रीतसर निमंत्रण दिलं, पाहणीचं नव्हे, सणाचं. "जेवायलाच या साहेब, सुमन तुमच्यासाठी नारळीभात करते." सणाचं आमंत्रण मोडणार कोण? साहेब सहकुटुंब आले. बेंजो वाजत होता, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून नाचत होत्या, सोनेरी कागदाने मढवलेला नारळ भावोजींच्या डोक्यावर होता. आणि मिरवणूक दरवर्षीच्या वाटेने धक्क्याकडे न जाता मागे वळली, बागेकडे. खाजणाच्या काठावर एक जुना दगड आहे. भावोजींच्या आजोबांच्या वेळेपासून त्यांच्या घरचा नारळ तिथून पाण्यात सुटायचा. बांध घातल्यापासून ते बंद झालं होतं. दगडापाशी येऊन भावोजी थांबले, बेंजोवाल्याला हात केला. समोर फरशीची पायवाट, डेब्रिजवर जीव न धरलेले गुलमोहर, आणि बाकड्यावर झोपलेलं एक कुत्रं.

"साहेब," भावोजी म्हणाले, "आमच्या घरचा नारळ हितनं सुटतो. जमीन होती तशी केली असं तुमच्या कागदात हाय. मला सही करायची हाय. पानी दाखवा, नारळ सोडतो, सही करतो."

मग भावोजींनी साहेबांना हाताला धरून बांधावर चढवलं. मीही मागोमाग गेले. बांधाच्या त्या बाजूला खाडी काठोकाठ भरली होती, लाटा बांधाच्या अंगाला थापट्या मारत होत्या, आणि या बाजूला खाडीचा टिपूस नाही. साहेबांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्यांची धाकटी मुलगी म्हणाली, "पप्पा, इथे पाणी का नाही?" गर्दीतून एक चुलतभाऊ तोंड लपवत मागे सरकला. साहेब माणूस सरळ होता, हे इथे मुद्दाम लिहिते. त्यांनी खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "बांध कुठे फोडायचा?" भावोजींनी बोट दाखवलं. जागा त्यांनी कधीचीच हेरून ठेवली होती. तो नारळ त्या दिवशी पाण्यात पडलाच नाही. भावोजी तो तसाच डोक्यावर घेऊन घरी आले आणि देवापुढे ठेवला.

बांध फुटायला पुढे बरेच महिने गेले. आधी साहेबांच्या वरच्या साहेबांना बारीक पाइप टाकून भागवायचं होतं. भावोजी पुन्हा भांडले, पुन्हा पुनवेला बोलावलं. शेवटी पोकलेन आलं, दोन ठिकाणी बांध कापला, डेब्रिज उचललं, बाकडी गेली, पायवाट गेली, आणि एका दुपारी खाडी आत शिरली. तेव्हा त्यांनी सही केली, अशी लफ्फेदार की दोन ओळींत मावेना. पाण्याबरोबर तिवरांची बियाणं तरंगत आली आणि चिखलात आपापली रुजली. कुणी लावली नाहीत. आज ती माझ्या खांद्याएवढी आहेत, आणि मुळांमध्ये निवट्या, चिखलातले ते इवले मासे, उड्या मारतात. बागेवर कुणाच्या नावाची पाटी लागली नाही, कारण बागच उरली नाही. भावोजींना त्याबद्दल एखादी शाल मिळायला हवी होती, ती कुणी दिली नाही, आणि याचा मला अजून राग आहे. त्यांना मात्र नव्हता. आल्यागेल्याला ते भरतीची वेळ साधून तिकडे न्यायचे आणि घरचा वाडा दाखवावा तशा थाटात तिवरं दाखवायचे. मला त्यांचा अभिमान वाटायचा. तोंडावर मी मस्करीच करायची, पण घरी आल्यावर शेजारणींना सांगायची, की आमच्या भावोजींनी खाडी परत आणली.

अस्थिविसर्जनाच्या दिवशी आम्ही सगळे त्या दगडापाशी जमलो होतो. चुलतभाऊही आले होते. भरतीला वेळ होता आणि ओहोटी संपत आली होती. आमच्याकडे, म्हणजे राईत, अस्थी ओहोटीवर सोडतात. पाणी त्या बाहेर नेतं, थेट समुद्राला. गुरुजींनी घाई केली, "आत्ताच सोडा, पाणी फिरलं की सगळं आत येईल." थोरल्या चुलतभावाने कलश उचलायला हात पुढे केला. ताईने कलश पोटाशी धरला.

"आत येऊंदे," ती म्हणाली. "ह्यांना बाहेर जायचं न्हाय."

गुरुजी दगडावर बसले, चुलतभाऊ त्यांच्या शेजारी बसला, आणि आम्ही पाणी फिरायची वाट पाहिली. दुपार चढली तसं बांधाच्या तोंडातून पाणी यायला लागलं, आधी चिखलाच्या रेघांतून, मग सपाटीवरून. ताई गुडघाभर पाण्यात उतरली. तिने कलश कलंडवला आणि पाणी भावोजींना घेऊन आत, तिवरांमध्ये गेलं.