गिरडच्या टेकडीवर अर्ध्यात बसलेला नवस

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी माझी श्रद्धा डळमळीत होती आणि कंबर त्याहून. आमच्या वडनेरात पाठीपासून मांडीपर्यंत जे दुखेल ते ‘कमर’. मीही सगळ्यांना तेच सांगितलं. मग पाठीला शेक, पाठीला तेल, पाठीला पट्टा. आणि रात्री डाव्या कुशीवर वळले की डोळ्यांत पाणी. धाकटी जाऊ मंजुळा मात्र वांग्यांचं टोपलं घेऊन अशी तरातरा चालायची की मला तिच्या कमरेचा रागच यायचा. देवापुढे हात जोडले तरी डोळे तिच्याच चालीवर.

शेवटी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांना नवस बोलले, टेकडी पायी चढून माझ्या हातानं मलिदा चढवीन. मंजुळा सोबत आली. ती पुढं, मी मागं लंगडत, मनात जळत. अर्ध्या वाटेत पाय उचलेना. पायरीवर बसले आणि रडले. नवस मोडला म्हणून, आणि मंजुळानं ते पाहिलं म्हणूनही.

शेजारी एक बाई विसावली होती. डॉक्टर निघाली. मी ‘कमर’ सांगताच म्हणाली, “दुखण्याचं नाव नका सांगू, बोट ठेवून दाखवा.”

मी मांडीच्या वर, बाहेरच्या हाडावर बोट ठेवलं.

“ही कंबर नाही, खुबा आहे. या हाडावर पाण्याची बारीक पिशवी असते, ती सुजली. टोपलं-ओझं कोणत्या कडेवर घेता?”

“डाव्या.”

“सूज उतरेपर्यंत घेऊ नका. त्या कुशीवर झोपू नका, गुडघ्यांमध्ये उशी ठेवा. आणि आज आता चढू नका.”

बाबांनी माणूस अगदी योग्य धाडला होता, पण माझा नवस? मलिद्याचा डबा छातीशी घट्ट धरला. मग म्हटलं, “घे मंजुळा. माह्या नावानं चढवजो.”

ती परत आली ती धपकन शेजारीच बसली. “चढवला, बाई. पण म्या माह्यासाठी बी मांगलं.”

“काय मांगलं?”

“मले बी कोनी बसून राह्य म्हनावं. तुमचं टोपलं आता मलेच उचला लागन. लय जळली मी तुमच्यावर.”

मला हसू आवरेना. सरकून तिला जागा दिली.

खुबा हळूहळू शांत झाला. उशी अजून घेते. नवस पुरा झाला की अर्धा राहिला, ते मी बाबांवर सोडलंय. त्या दिवशी पायरीवर आम्ही दोघी प्रसादाचा मलिदा खात बसलो, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी तिच्या चालीकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. दमलेली होती पोर.