छातीवरचा हात

अठरा पूर्ण नसलेल्या मुलीबरोबर घरचं कुणीतरी मोठं माणूस राहिलंच पाहिजे, असा तिथल्या क्लबचा नियम. दादाचं दुकान, वहिनीची नोकरी, आणि मी काय, रिकामीच! म्हणून फुटबॉल गोल असतो एवढंच ठाऊक असलेली आत्या भाचीबरोबर परदेशात जाऊन पडली.

भाची गोलकीपर. लहानपणी हातात धरलेली वस्तू काही केल्या सोडायची नाही, म्हणून दादाने तिला नाव ठेवलं खेकडा. पगार घेऊन खेळणारी आमच्या अख्ख्या खानदानात ही पहिलीच. करार मात्र एका हंगामाचा. हंगाम संपला की तिला ठेवायचं की घरी धाडायचं, ते क्लब ठरवणार. त्यासाठी तिला मैदानात बघायला तर हवं! पण पहिली गोलकीपर अशी दणकट की साधी शिंकायची नाही. आमची पोरगी कोट घालून बाकावर, आणि मी मागे बसून त्या दणकट बाईच्या नावाने बोटं मोडतेय, असा आमचा हंगाम चालला होता.

राहायला बेकरीवरची एक खोली. खिडकीखालच्या हीटरवर तिचे हातमोजे वाळत, आणि त्यांचा कुबट वास माझ्या उशीपर्यंत येई.

संघात एक रीत होती. सकाळी जी आत येईल तिने आधी आलेल्या प्रत्येकीशी हात मिळवायचा. नुसता टेकवायचा नाही, चांगला दाबायचा. प्रशिक्षक बाईही त्यातून सुटलेल्या नव्हत्या.

एक दिवस खेकडा सरावावरून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आत्या, मी त्यांना सांगितलंय, आमच्याकडे हात मिळवत नाहीत. छातीवर हात ठेवतात."

"आमच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

"आपल्याकडे."

"अगं, कधीपासून?"

ती नुसती हसली. मला वाटलं, घामट हात धरायचा कंटाळा आला असेल. पण त्या पोरींना काय कौतुक! पुढच्या आठवड्यात बघते तर ही दिसली की सगळ्यांचे हात छातीवर. कप्तान तर वर मानही लववायची. त्या माझ्यासमोर तसं करायला लागल्या की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे. खोटं बोलायचं तर निदान मला आधी विचारून तरी बोलावं!

त्याच सुमारास ती म्हणाली, "आत्या, वेणी घालून देतेस?" चौथीत असताना माझी वेणी जुनाट दिसते म्हणून नाक मुरडणारी ही मुलगी! मी हुरळून गेले. रोज सकाळी तेल लावून घट्ट वेणी घालायचे आणि वाटायचं, परक्या मुलखात का होईना, पोरगी जवळ आली.

मग ती दणकट बाई जिन्यावरून घसरली आणि तिचा गुडघा गेला. शेवटच्या सामन्याला खेकडा उभी राहणार, असा निरोप आला. दादाने फोनवर इतका आरडाओरडा केला की शब्दही कळेना.

सामन्याच्या सकाळी मी वेणी घालत होते. तिने खांद्यावरून मागे रबरबँड दिला, तो पडला. उचलायला गेली तर चिमटीत येईना. मी तिचा हात धरला आणि बोटांवरची नेहमीची चिकटपट्टी सोलून काढली. करंगळीजवळचं बोट काळंनिळं, सुजलेलं, आणि बाजूला वाकडं झालं होतं.

"कधी झालं हे?"

"मागेच. सरावात चेंडू बसला."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"कशाला हात दाखवून अवलक्षण? अशीच एकजण लंगडत होती, तिला महिन्यात घरी पाठवलं. हात मिळवताना जीव जायचा गं आत्या. म्हणून ते छातीचं काढलं."

"चल, आत्ताच्या आत्ता बाईंना सांगू."

ती उठून दाराला पाठ लावून उभी राहिली. "आज नाही खेळले तर मला कुणी बघितलंच नाही असं होईल. घाल ना वेणी. प्लीज."

मी तिला खूप बोलले. तिच्या बापाला बोलले, क्लबला बोलले. ती दारातून हलली नाही. शेवटी वेणी घातली.

पूर्वार्धात तिने दोन चेंडू असे अडवले की शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने मला मिठी मारली. त्यानंतर एक साधा चेंडू आला. हळू, सरळ तिच्या हातात. घरी अंगणात ती असले झोपेत धरायची. तिने धरला, आणि तो बोटांतून निसटून मागे गेला. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. हातमोजा कात्रीने कापून काढावा लागला.

डॉक्टर म्हणाले, हाड मोडलं होतं आणि वाकडंच जुळत होतं. आता शस्त्रक्रिया, आणि पूर्वीची पकड येईल असं सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर थोडे दिवस पट्टी बांधून भागलं असतं. हे सगळं त्या पोरीनेच मला मराठीत करून सांगितलं, आवाज जराही न हलवता. मला ओरडावंसं वाटत होतं.

क्लबने ठेवलं नाही.

निघायच्या दिवशी ती कपाट रिकामं करायला गेली, मी पिशव्या धरायला. बाहेर आलो तर अख्खा संघ ओळीने उभा. दणकट बाई कुबड्या घेऊन टोकाला. प्रशिक्षक बाईंनी उजवा हात छातीवर ठेवला, मग एकेक करत सगळ्यांनी ठेवला. आमच्याकडची रीत म्हणून.

खेकड्याने बँडेजचा हात उचलून छातीवर धरला. इतके दिवस न रडलेली पोर तिथे रडली. मग त्या सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीही तिकडचीच ना.

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि छातीवर हात ठेवला.