पाच तुकडे, जोर चौथ्यावर

काशीराम गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. खरं सांगते, आधी दुःख नाही झालं, भीती वाटली. आता सांगायचं कोणाला...

पहिलीपासून इंग्रजी आलं आणि सेनगाव तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेच्या तोंडचं पाणी पळालं. मी नवखी शिक्षणसेवक, वाकडा शेरा पडला की थेट घरी. गुरुजी निवृत्तीला टेकलेले. शाळा सुटली की आम्ही डिक्शनरी घेऊन ओट्यावर बसायचो. हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा खाली जाईल तितके तुकडे. "बाई, शेवटी 'शन' आलं की जोर त्याच्या अलीकडं. बराबर ध्यानात ठेवा," हे त्यांनीच मला शिकवलं. येणारे-जाणारे समजायचे, दोघांचे दात दुखून राहिले.

एक दिवस तालुक्याहून साहेब तपासणीला आले. त्यांनी फळ्यावर 'एक्झामिनेशन' लिहिलं, तुकडे पाडा म्हणाले आणि माझ्याकडं पाहिलं. गुरुजीच उठले. "मी सांगतो, साहेब." हात हनुवटीखाली गेला, पण तुकडे चारच झाले, जोर पहिल्यावर पडला. गुरुजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. पाच तुकडे, जोर 'ने'वर. अगदी जिभेवर होतं माझ्या. पण तोंड उघडलं असतं तर पुढचा शब्द साहेबांनी मलाच विचारला असता. मी हजेरीपटात मान घातली. साहेब पोरांसमोर हसले, "इतकी वर्षं केलं काय, गुरुजी?"

संध्याकाळी ते म्हणाले, "भेलो, बाई. येत असून विसरलो." मी नुसतं "व्हय" म्हणाले.

पुढं ते निवृत्त होऊन हिंगोलीला गेले. दर दिवाळीला ठरवायची, यंदा सांगायचंच, की मला येत होतं. जायची, चहा प्यायची, एसटी धरून परत यायची. लाज होतीच, पण त्याहून भ्याव मोठं. त्यांनी तोंड फिरवलं तर...

मागच्या आठवड्यात काकूंना, त्यांच्या बायकोला, भेटायला गेले आणि सगळं ओकून टाकलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "त्यायला ठाऊक होतं की. तुमी आल्या की म्हणायचे, आज सांगल लेकरू."

"मग विचारलं काहून न्हाई?"

"मी म्हणलं होतं, विचारा एकदा. तर म्हणले, तिला उभं करून विचारायला मी काय साहेब हाय का?"